हवालदार काकाजींची विलीज

पुलगावात रणगाडा कधीच नव्हता. रणगाड्याचे गोळे मात्र होते, आणि तेही देशातल्या सगळ्यात मोठ्या साठ्यात. केंद्रीय दारूगोळा भांडार हे त्याचं कागदावरचं नाव; गावात सगळे नुसतं 'डेपो' म्हणत. सुमारे सात हजार एकरांचं आवार, भोवती तारेचं कुंपण, मधूनमधून पहारा. काडेपेटी, विडी, लायटर गेटवर काढून ठेवल्याशिवाय साहेब असो की हमाल, कोणालाही आत पाऊल टाकता येत नसे. माझे वडील तिथे स्टोअरकीपर होते. आयुष्यभर त्यांनी पेट्या मोजल्या, लॉट नंबर तपासले, वॅगनला सील लावलं. पण घरी कधी एका शब्दानं सांगितलं नाही की आज कुठला माल कुठे गेला. विचारलं की म्हणत, "जेवून घे आधी."

गावात दुसऱ्या जातीची फौजी माणसं होती. पलटणीतून निवृत्त होऊन डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, म्हणजे डी. एस. सी.त, भरती झालेली आणि डेपोच्या पहाऱ्यावर नेमलेली. कोणी साताऱ्याचा, कोणी बुलढाण्याचा, कोणी थेट गढवालचा. त्यांतले बरेच नंतर इथेच राहिले, पोरांच्या शाळा इथेच झाल्या, प्लॉट घेतले, घरं बांधली. यांनी तोफा, रणगाडे, ट्रक सगळं हाताळलेलं होतं, आणि वडिलांसारख्यांनी त्या तोफांचा दाणागोटा सांभाळलेला होता. स्टेशनजवळच्या हॉटेलात संध्याकाळी हे दोन्ही प्रकारचे लोक एका बाकावर बसत. एकाला गोळा कुठून येतो ते ठाऊक, दुसऱ्याला तो कुठे पडतो ते. मला वाटतं, पुलगावची खरी श्रीमंती त्या बाकावर होती.

हवालदार काकाजी त्या बाकावरचे. ते बंदूकवाले शिपाई नव्हते, ई. एम. ई.चे, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती दलाचे, व्हेईकल मेकॅनिक. सिकंदराबादला ट्रेनिंग झालेलं, मग एका आर्मर्ड रेजिमेंटच्या एल. ए. डी.त, म्हणजे रणगाड्यांबरोबर जाणाऱ्या दुरुस्तीच्या तुकडीत, बरीच वर्षं काढलेली. १९६५ ची लढाई त्यांनी शर्मन आणि सेंच्युरियनच्या पोटाखाली झोपून पाहिली होती. लढाईची गोष्ट सांगा म्हटलं की बाकीचे हल्ला सांगत, काकाजी इंजिन सांगत. सेंच्युरियनमधलं मीटिअर इंजिन म्हणजे दुसऱ्या महायुद्धात विमानांना लावलेल्या रोल्स-रॉइस मर्लिनचंच जमिनीवर उतरलेलं रूप, हे मला शाळेत असताना त्यांनी सांगितलं. "विमानाचं काळीज हाय बाप्पा त्याच्यात," असं म्हणताना त्यांचा चेहरा असा फुलायचा, की जणू ते इंजिन त्यांनीच घडवलंय.

मुंबई-हावडा मार्गावर आमचं स्टेशन. त्यामुळे रणगाडा गावात नसला तरी गावावरून जायचा. मिलिटरी स्पेशल येणार हे आम्हा पोरांना कसं कळायचं कोण जाणे, पण आर्वीच्या नॅरोगेज गाडीच्या फलाटाजवळ जाऊन आम्ही उभे राहायचो. सपाट वॅगनवर ताडपत्रीनं झाकलेले अवजड आकार. ताडपत्रीखाली नेमकं काय आहे ते ओळखायची विद्या काकाजींनी आम्हाला शिकवली होती: तोफेकडे पाहायचं नाही, चाकांकडे पाहायचं. पाच चाकं, आणि पहिल्या-दुसऱ्या चाकात नजरेला खटकेल एवढी फट, तर तो टी-५५. सहा चाकं आणि ती बाजूच्या पत्र्यानं निम्मी झाकलेली, तर सेंच्युरियन किंवा विजयंता. चाकं दोन-दोनच्या जोडीनं तीन ठिकाणी बांधलेली, तर जुना शर्मन; पण तो तोवर दिसेनासा झाला होता. गाडी दोन मिनिटं थांबली तरी आमच्यात पैजा लागायच्या. आजही कुठल्या चौकात ठेवलेला रणगाडा दिसला की माझी नजर आधी चाकांवर जाते.

फौजेत गाड्यांची वर्गवारी सरळ असते. 'ए' वाहनं म्हणजे चिलखती, रणगाडे वगैरे. 'बी' म्हणजे बिनचिलखती, जीप, ट्रक. 'सी' म्हणजे बुलडोझर, क्रेन असली कामाची यंत्रं. काकाजींचा जीव 'ए'वर. पण 'ए' गाडी निवृत्त झाली तर ती संग्रहालयात जाते, चौथऱ्यावर जाते, चांदमारीच्या मैदानावर निशाण म्हणून उभी राहते किंवा भट्टीत जाते. आपल्याकडे ती माणसाच्या अंगणात येत नाही. लिलावात सामान्य माणसाला मिळते ती 'बी'. काकाजींच्या वाट्याला आलेली विलीज अशीच आली, तीही वाकड्या वाटेनं. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन आणि ब्रिटिश फौजांनी मागे टाकलेल्या जीप देशभर डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या, त्यांतली एक देवळीच्या बाजूच्या एका जिनिंगवाल्याकडे पोचली होती. तिनं तिथे सरकीची पोती ओढली, उसाचा रस काढायचा चरक फिरवला, आणि शेवटी शेडमध्ये कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला काकाजींनी ती घेतली. काकींचं म्हणणं होतं की त्या पैशात विहीर खोल झाली असती. हे म्हणणं बरोबरच होतं, आणि काकाजींनी ते कधी खोडून काढलं नाही.

ती बैलगाडीला बांधून आणली तेव्हा अर्धं गाव पाहायला आलं. बॉनेट उघडायचं ते मधून नाही, दोन बाजूंच्या दोन खटक्यांनी. काचेची चौकट पुढे आडवी पाडता येते. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली, सीट उचलून पेट्रोल भरायचं. स्टिअरिंग डावीकडे. पुढच्या जाळीत नऊ उभ्या फटी. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिचे दिवे. एक चाप काढला की हेडलाइट बिजागरीवर उलटा फिरतो आणि उजेड इंजिनवर पडतो. रात्री रस्त्यात गाडी बंद पडली तर टॉर्च धरायला दुसरा माणूस लागत नाही. लढाईच्या घाईत कोणा इंजिनिअरला एकट्या ड्रायव्हरची एवढी काळजी वाटली, याचं मला अजून नवल वाटतं. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून महायुद्धात अशा साधारण साडेसहा लाख जीप बनवल्या. फोर्डच्या जीपवर बोल्टच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी 'एफ' कोरलेला असे. काकाजींनी गंज खरवडून एकेक बोल्ट तपासला. काही बोल्टांवर 'एफ' निघाला, काहींवर नाही. म्हणजे कधीतरी कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये दोन जीपची मिळून ही एक झाली होती. त्यांना त्याचा आनंदच झाला. "मिलिटरीची गाडी अशीच असते," ते म्हणाले. "एकीचा पाय, दुसरीचा हात. चालली पाहिजे."

काम कित्येक दिवाळ्या चाललं. शक्तिमान ट्रक हाकलेले ए. एस. सी.चे, म्हणजे फौजेच्या रसद-वाहतूक दलाचे, एक निवृत्त ड्रायव्हर, आम्ही त्यांना ड्रायव्हरभाऊ म्हणायचो, ते रोज सकाळी येत. डेपोतले एक टर्नर रविवारी येत. वडील संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवून उभे राहत आणि हात मागे बांधून पाहत. सुटे भाग कागदावर मांडून त्यांची नोंद करायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं. तेवीस नंबरचा वॉशर कुठल्या डबीत आहे, ते त्यांच्या वहीत सापडे. मी पोरगा म्हणून माझ्याकडे रॉकेल आणि ब्रश. काकाजींचा नियम कडक होता. "हात लाव, पण फडक्यानं पुसून. ग्रीसचा हात बॉडीले लागला तं धूळ चिकटते, अन् धूळ चिकटली तं रंग जाते."

इंजिन साइड व्हॉल्व्हचं, चार सिलिंडरचं, सव्वादोन लिटरचं, साठ अश्वशक्तीचं. त्याचा ब्लॉक नागपूरला नेऊन बोअर करून आणला. पिस्टन, बेअरिंग मिळवायला फार वणवण झाली नाही, त्याला कारण महिंद्रा. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मुंबईत माझगावला विलीज जोडायला सुरुवात केली आणि पुढे जे नवं इंजिन आलं, त्याचा खालचा भाग बराचसा जुन्यासारखाच राहिला. त्यामुळे वर्ध्यातल्या खेडोपाडी धावणाऱ्या जीपच्या सुट्या भागांवर आमची लढाईतली जीप बरी होऊ शकली. कार्टरचं कार्ब्युरेटर मात्र कुठेच मिळेना. गॅरेजवाले म्हणत, सोलेक्स बसवा, पैसे वाचवा. काकाजी ऐकेनात. ड्रायव्हरभाऊंचा कोणी नातेवाईक बंगालमध्ये पानागढजवळ होता. तिथे जुन्या मिलिटरी गाड्या मोडायचा मोठा बाजार आहे. त्यानं दोन फुटकी कार्ब्युरेटर पाठवली, त्या दोनांतून एक उभं राहिलं. बॅटरी सहा व्होल्टची. सगळे म्हणाले बारा करा. तीही सहाचीच राहिली.

ज्या दिवशी ती सुरू झाली, त्या दिवशीचं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते इंजिन सुरू होण्याआधीचं. काकाजींनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, फिलर गेजची पातळ पट्टी पॉइंटच्या फटीत सरकवली, आणि डोळे मिटून ती मागेपुढे ओढून पाहिली. डोळे का मिटता, मी विचारलं. "डोये खोटं सांगतेत. बोटाले कयते," ते म्हणाले. मग ड्रायव्हरभाऊंनी हँडल मारलं. पहिल्यांदा मारताना, अंगठा हँडलभोवती गुंडाळू नये, उलटा झटका बसला तर मनगट मोडतं, हे मला बजावून सांगितलं; मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. ती खोकली, निळा धूर सोडला आणि लागली. वडिलांनी वहीत तारीख, वेळ लिहिली आणि खाली सही केली. फौजेत प्रत्येक गाडीची कार डायरी असते, तशी ती वही त्या दिवसापासून जीपची कार डायरी झाली.

ही माणसं एका बिनचिलखती जीपवर एवढा जीव का टाकत होती, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. अब्दुल हमीद यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. ४ ग्रेनेडिअर्सच्या या हवालदारानं सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्ताडला जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेनं पाकिस्तानी पॅटन रणगाडे फोडले आणि तिथेच ते कामी आले. परमवीर चक्र मिळालं. त्याच रणभूमीवर डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन घेऊन लढले होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य. उसाच्या शेतांत पाणी सोडून चिखल केलेला, त्यात पॅटन रुतले, आणि महायुद्धातल्या शर्मननी त्यांना टिपलं. पाकिस्तानचे ९७ रणगाडे त्या लढाईत गेले. पकडलेले पॅटन भिखीविंडजवळ ओळीनं उभे केले, तर त्या जागेला लोक पॅटननगरच म्हणू लागले. वैद्यांना १९६५ ला महावीर चक्र मिळालं, १९७१ ला पुन्हा. ते १९८३ मध्ये लष्करप्रमुख झाले तेव्हा काकाजींच्या अंगणात पेढे वाटले गेले, आणि जीपच्या बॉनेटवर झेंडूचा हार पडला. १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात त्यांची हत्या झाली, त्या दिवशी कोणी हातात पाना धरला नाही.

या लढायांमध्ये मेकॅनिकचं नाव कुठे येत नाही. शर्मन १९६५ ला वीस वर्षांचा म्हातारा होता; तो लढला, कारण कोणीतरी रात्री त्याच्या ट्रॅकच्या पिना बदलल्या होत्या. रणगाडा दिवसभर चालला की संध्याकाळी त्याची पूजा मांडावी लागते: ट्रॅकचा ताण पाहायचा, एकेक ग्रीस निपल साफ करून ग्रीस भरायचं, फिल्टर धुवायचे, तोफेची नळी ओढायची. अख्खा क्रू हे सगळं मिळून करतो. काकाजींना हरवलेलं जे काही होतं ते हेच होतं, ही संध्याकाळ. मालकी हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. जीप कागदोपत्री त्यांची, पण ते 'आपली गाडी' म्हणत, आणि त्या 'आपली'त वडील, टर्नर, ड्रायव्हरभाऊ आणि रॉकेलचा ब्रश धरणारा मी, सगळे होतो.

एकदा आम्ही सगळे नगरला गेलो. अहमदनगर, आताचं अहिल्यानगर, म्हणजे भारतीय चिलखती दलाचं माहेर. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल तिथेच. १९९४ मध्ये तिथे रणगाड्यांचं संग्रहालय सुरू झालं, आणि आशियात त्या तोडीची जागा सापडणं कठीण. रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपान्यांचा चिमुकला हा-गो, पकडलेला पॅटन, आणि चेन्नईजवळच्या आवडीत बनलेला विजयंता. आम्ही पोरं पाट्या वाचत फिरलो. काकाजी सेंच्युरियनपाशी गेले ते तिथेच थांबले. मागच्या बाजूला वाकून त्यांनी इंजिनवरच्या झाकणांच्या बिजागऱ्यांवरून बोट फिरवलं आणि एका बिजागरीपाशी थांबून म्हणाले, "ही नेहमी जाम व्हायची." जवळच उभ्या असलेल्या तरुण जवानानं ते ऐकलं. त्यानं त्यांना सलाम केला, पाणी दिलं आणि मग दोघं तासभर बोलत बसले. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. ऑइल सील, क्लच आणि विजयंताच्या लेलँड इंजिनाचा त्रास. त्या इंजिनानं दोघांच्याही पिढ्यांना छळलं होतं, आणि त्यावर त्यांची गट्टी जमली.

नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरनं 'फॅमगुस्टा' जपून ठेवला आहे. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, पूना हॉर्सचे, १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत ज्या सेंच्युरियनमध्ये लढले आणि अवघ्या एकविसाव्या वर्षी गेले, तो हा रणगाडा. मार लागलेला तो रणगाडा नंतर दुरुस्त केला गेला. जुनं यंत्र दुरुस्त करून ठेवणं ही हौस आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याच्यापुढे दोन मिनिटं उभं राहावं.

ड्रायव्हरभाऊंचा जीव मात्र शक्तिमानवर. जर्मन मॅन कंपनीच्या परवान्यानं जबलपूरला बनलेला हा ट्रक १९५९ पासून फौजेत होता. त्याच्या मागच्या डिफरन्शियलचा गोळा पांढरा रंगवलेला असे आणि त्यावर एक बारीक दिवा. अंधाऱ्या रात्री बाकीचे सगळे दिवे बंद करून ताफा निघाला की मागच्या ड्रायव्हरनं फक्त पुढच्या ट्रकच्या त्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर ठेवायची. ते सांगताना भाऊ हाताची मूठ पुढे धरायचे आणि एकटक बघायचे. तो ट्रक त्यांच्या दारात कधी येऊ शकला नाही. पुढे त्यांच्या मुलानं लिलावातली जोंगा घेतली, तीही जबलपूरचीच, निसान पॅट्रोलवरून बनवलेली, सहा सिलिंडरचं जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. पेट्रोल इतकं प्यायची की मुलानं वर्षभरात ते इंजिन काढून डिझेलचं बसवलं. भाऊ काही बोलले नाहीत, पण त्या गाडीत बसले की खिडकीतून बाहेर पाहत राहत. देशभरात शेकडो जोंगांचं असं झालं. खर्चाचा हिशोब मला कळतो. तरीही ते इंजिन शेडमध्ये गोणपाटात गुंडाळून ठेवलं असतं, तर आज त्याला किंमत आली असती, आणि भाऊंना त्यांची गाडी ऐकायला मिळाली असती.

इंग्लंडमध्ये निवृत्त सैनिक आणि हौशी माणसं खरोखरच चिलखती गाड्या बाळगतात. फेरेट नावाची छोटी स्काउट कार तिथे अनेकांच्या अंगणात आहे. पाच गिअर पुढे आणि पाचही गिअर मागे, म्हणजे शत्रू दिसला की तोंड न वळवता त्याच वेगानं माघार. बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला जर्मन टायगर वर्षानुवर्षांच्या मेहनतीनं पुन्हा चालता केला आहे आणि तो लोकांपुढे मैदानात फिरतो. काकाजींना हे कळलं असतं तर ते नक्की म्हणाले असते की एवढ्या वर्षांनी त्याचे ट्रॅक कोण ताणते. आपल्याकडे चिलखती गाडी घरी नेता येत नाही हे योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गावोगावी चौथऱ्यांवर उभे असलेले विजयंता आणि टी-५५ नुसते ऑइल पेंटचे थर चढवून ठेवणं मला पाहवत नाही. झाकणं वेल्डिंगनं बंद, खोबणींत पाणी साचलेलं, चाकांत गवत. जवळपासचे निवृत्त ई. एम. ई.वाले बोलावून वर्षातून एकदा तरी त्यांचं ग्रीसिंग केलं, तर तो रणगाडाही टिकेल आणि त्या म्हाताऱ्यांना एक संध्याकाळ परत मिळेल. असे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. कोणी बोलावलं तर ते पाने घेऊन येतील.

डेपोनं आम्हाला दुःखही दिलं. ३०-३१ मे २०१६ च्या रात्री रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्याला आग लागली आणि ती विझवायला धावलेले अधिकारी आणि अग्निशामक दलाचे लोक गेले. गावात सगळे एकमेकांच्या ओळखीचे; कितीतरी घरांत त्या वर्षी दिवाळीचा दिवा लागला नाही.

काकाजी, ड्रायव्हरभाऊ, वडील, आता कोणीच नाहीत. जीप काकाजींच्या नातवाकडे आहे आणि ती चालते. २०२१ मध्ये सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेजची वेगळी नोंदणी काढली. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली यासाठीच बाहेर काढायची. मूळ रूप ही अट वाचली तेव्हा मला सहा व्होल्टची बॅटरी आणि कार्टरचं कार्ब्युरेटर आठवलं. तेव्हा ज्यांनी सल्ले दिले होते, त्यांचं ऐकलं असतं तर आज मूळ रूप कशाला म्हणणार होतो? नातवाला कागदपत्रं जमवायला वडिलांची वही फार उपयोगी पडते आहे. कुठला भाग कधी बदलला, कुठून आणला, सगळं तारखेनिशी आहे.

आता वाद आहे तो रंगाचा. पुण्याच्या एका पेंटरनं नातवाला चकचकीत हिरवा सुचवला आहे, रॅलीत उठून दिसेल म्हणतो. मी नातवाला स्पष्ट सांगितलं आहे की लढाईतली गाडी चमकत नसते. मॅट ऑलिव्हच लागेल, आणि बॉनेटवर दुसरा हात मारायचा तो पहिला पूर्ण वाळल्यावर. तो म्हणतो, "काका, फोटोत दोन्ही सारखेच दिसतेत." मी म्हटलं, फोटोसाठी नाही, काकाजींसाठी. रंगाचे दोन डबे आणून ठेवले आहेत. भाऊबीजेला तो घरी आला की बसून ठरवू.